घरी गोल, स्टेजवर टणटण: प्रीअँपमधून बेस गिटारचा नैसर्गिक आवाज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे दोन सिंगल-कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारेची थरथर पकडणारी चुंबकी गुंडाळी), जॅझ पद्धतीची चार तारांची पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेली) बेस गिटार आहे. वर्षभरापूर्वी प्रीअँप-डीआय पेडल (गिटारचा आवाज घडवून तो थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरकडे पाठवणारी पेटी) घेतलंय आणि मराठी-हिंदी गाण्यांच्या वाद्यवृंदात वाजवता. घरी हेडफोनवर आवाज झकास लागतो, पण कार्यक्रमात तोच पीएमधून (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरमधून) आला की एक तर नुसता घुमारा, नाही तर तारांची प्लास्टिकसारखी टणटण. मग नैसर्गिक आवाज आणायचा कसा, साऊंडवाल्याला ईक्यूच्या (खालचे, मधले, वरचे सूर कमी-जास्त करणाऱ्या नॉबच्या) आधीचा सिग्नल द्यायचा की नंतरचा, आणि हे पेडल विकून दुसरं घ्यावं का?

पेडलचं शेवटी बघू, कारण माझ्या मते दोष त्याचा नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो: या उत्तरात ‘बेस’ म्हणजे वाद्य, खालच्या सुरांच्या नॉबला मी ‘लो’ म्हणणार आहे, मधल्यांच्या नॉबला ‘मिड’ आणि वरच्यांच्या नॉबला ‘हाय’. स्टेजवर कोणी ‘बेस कमी करा’ असं ओरडलं की साऊंडवाला माझा फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) खाली ओढणार की गायकाच्या माइकचा लो कापणार, हे बावीस वर्षं वाजवूनही मला आधी कळत नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागेल. सतार किंवा तबला हातभर अंतरावर कसा वाजतो हे श्रोत्याला ठाऊक असतं. त्यामुळे माइकमधून आलेला आवाज खरा वाटतो की नाही, हे तो चटकन सांगतो. बेस गिटारला असा मूळ आवाजच नाही. वायर न लावता वाजवून बघा, शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ साली आली, तेव्हापासून लोकांनी हे वाद्य ऐकलंय ते अँपच्या खोक्यातल्या कागदी कोनमधून. दहा-बारा-पंधरा इंची कोन साधारण ४-५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर काढत नाही. पिकअप मात्र सगळं उचलतो: बोट तारेवर घासल्याचा आवाज, तार फ्रेटवर आपटल्याचा आवाज, नखाचा आवाज. अँपचा कोन हे सगळं मुकाट गिळून टाकतो आणि उरतं त्याला आपण ‘बेसचा आवाज’ म्हणतो.

तुम्ही डीआयमधून थेट पीएला गेलात की मधला हा कोन नाहीसा होतो. पीएच्या खोक्यात वर हॉर्न बसवलेला असतो, गायकाचे ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ यावेत म्हणून. तोच हॉर्न तुमच्या तारांची खरखरही तितक्याच प्रामाणिकपणे शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. तुमची टणटण म्हणजे हीच.

थेट गेलेला सिग्नल मुळातच वाईट असतो, असं मात्र नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत १९६०च्या दशकात जेम्स जेमर्सन या बेसवादकाची बेस बहुतेकदा सरळ कन्सोलमध्ये (मोठ्या मिक्सरमध्ये) जायची, आणि तरी तो आवाज आजही नमुना म्हणून दाखवला जातो. त्याच्याकडे १९६२ची प्रिसिजन होती, फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या, गुळगुळीत) तारा होत्या, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज होता आणि उजव्या हाताचं एकच बोट. म्हणजे वरचा कचरा काढण्याचं जे काम अँपचा कोन करतो, ते त्याच्या तारांनी आणि स्पंजने वायरच्या आधीच उरकलेलं होतं. गाळणी कुठे तरी लागतेच. ती हातात ठेवायची, तारेत, प्रीअँपमध्ये की कन्सोलवर, एवढंच आपल्याला ठरवायचं असतं. म्हणून प्रीअँपकडून ‘चव वाढवण्याची’ अपेक्षा सोडून द्या आणि आधी त्याच्याकडून काय काढून टाकता येतं ते बघा.

आता घर आणि स्टेज यांतला फरक. आपला कान कमी आवाजात खालचे सूर फार कमी ऐकतो आणि आवाज चढला की तेच सूर इतरांच्या बरोबरीला येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून आलेखात मांडलं होतं. घरी बायको-मुलं झोपल्यावर हेडफोन लावून तुम्ही लो आणि हाय चढवता आणि मिड खाली करता, ऐकायला भरदार लागतं. तीच सेटिंग कार्यक्रमाच्या आवाजात गेली की लो दुप्पट फुगतो, हाय टोचतो आणि मधलं, म्हणजे जिथे सूर कळतो ते, गायब होतं. घुमारा आणि टणटण या तुमच्या दोन्ही तक्रारी याच एका सवयीतून आलेल्या असू शकतात. मी सुद्धा पहिली चार-पाच वर्षं हेच केलं. एका गणेशोत्सवात लो इतका चढवून वाजवत होतो की मांडवाचे पत्रे आमच्या वाद्यवृंदापेक्षा जास्त वाजत होते, आणि समोरच्या आजोबांनी मध्यंतरात येऊन ‘ते जनरेटर जरा लांब न्या’ असं सांगितलं होतं.

याला आणखी एक कारण जोडलं जातं. खालचे सूर स्पीकरमधून चहूकडे पसरतात, वरचे सूर समोरच जातात. स्टेजवर तुम्ही पीएच्या मागे उभे असता, त्यामुळे तुमच्यापर्यंत सबवूफरचा (फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा) घुमारा तेवढा पोचतो, स्पष्टता प्रेक्षकांकडे गेलेली असते. तुम्हाला वाटतं आवाज मातीत गेला, म्हणून हाय वाढवता. प्रेक्षकांना आधीच पुरेसं हाय मिळत होतं, आता त्यांचे कान किटतात. म्हणून साऊंड चेकला एकदा तरी लांब वायर लावून किंवा वायरलेसवर खाली उतरून मधल्या रांगेत उभं राहा. तेवढी वायर नसेल तर बासरीवाल्याला किंवा कोरसमधल्या कुणाला गिटार द्या, चार सूर वाजवता आले तरी पुरे, आणि तुम्ही खाली जाऊन ऐका. पण अगदी मधोमध उभं राहून ठरवू नका. दोन्ही बाजूंना सब ठेवलेले असले की मधल्या पट्ट्यात दोन्हींचा आवाज एकाच वेळी पोचून लो फुगतो. बाजूला सरकलं की दोन्हींच्या अंतरात फरक पडतो आणि काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. ६० हर्ट्झची लाट साधारण पावणेसहा मीटरची असते. जिथे अंतरातला फरक पावणेतीन-तीन मीटर होतो तिथे तो सूर जवळजवळ नाहीसा. हे तुमच्या प्रीअँपने सुटणारं नाही, फक्त त्यावरून प्रीअँपचे नॉब फिरवायचे नाहीत एवढं लक्षात असू द्या.

नॉबकडे येऊ. सगळ्यात मोठा गैरसमज असा की सगळे नॉब (घड्याळाच्या काट्यासारखे) बारावर म्हणजे सपाट. काही प्रीअँपमध्ये ते खरं असतं, मधे खटका असतो आणि तिथे ईक्यू काहीच करत नाही. पण ज्यांचं सर्किट जुन्या अँपवर बेतलेलं असतं, त्यांत बारावर मिड चांगलाच खोल गेलेला असतो. अलेम्बिकचा एफ-२बी हा फेंडरच्या जुन्या अँपच्या टोन सर्किटवर बेतलेला प्रीअँप. त्यात लो आणि हाय (नॉबवर छापलेल्या आकड्यांनी) दोनच्या आसपास आणि मिड पूर्ण दहावर ठेवला, की कुठे तो सरळ रेषेच्या जवळ येतो. टेक २१च्या सॅन्सअँप बेस ड्रायव्हरच्या पहिल्या आवृत्तीत मिडचा नॉबच नव्हता, दुसऱ्या आवृत्तीत तो ५०० आणि १००० हर्ट्झ निवडायच्या स्विचसकट आला. अशा पेडलमध्ये ब्लेंडचा नॉब असतो, तो अर्ध्याच्या खाली आणा म्हणजे तुमच्या गिटारचा कोरा सिग्नल मिसळतो आणि हरवलेला मिड परत येतो. तुमचं पेडल कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून परीक्षा कानानेच करा. बायपास (पेडल बंद) आणि चालू यांत आवाजाची पातळी सारखी करा, मग स्विच मारून बघा. चालू केल्यावर सूर मागे गेल्यासारखा वाटला तर मिड खाल्ला जातोय.

माझी सुरुवातीची सेटिंग विचाराल तर, पुन्हा घड्याळाच्या हिशोबाने, ड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारा नॉब) अगदी कमी, लो बारावर किंवा किंचित खाली, मिड एकवर, हाय दहा-अकरावर. घरी हे ऐकून तुम्हाला निराशाच येईल. बोदा, नाकातून बोलल्यासारखा आवाज वाटेल. एकट्याने ऐकताना तसाच वाटला पाहिजे, गाणं सुरू झालं की तोच आवाज जागेवर बसतो.

का ते आकड्यांत सांगतो. चार तारांच्या बेसवर सर्वांत खालचा सूर, उघडी ई, ४१ हर्ट्झचा. पण त्या सुरातली ताकद बऱ्याच अंशी त्याच्या दुप्पट, म्हणजे ८२ हर्ट्झवर असते. ४० हर्ट्झच्या खाली तुमच्या वाद्याचा एकही सूर नाही. तिथे असते हाताची थाप, स्टेजवरच्या पावलांची धडधड, पिकअपवर अंगठा टेकल्याचा धक्का, आणि हे सगळं वाजवण्यात अँपची आणि सबची शक्ती वाया जाते. हाय-पास फिल्टर (ठरलेल्या आकड्याच्या खालचं कापणारा) ३५-४० हर्ट्झवर लावला की लो कमी झाल्यासारखा न वाटता आवाज आवळल्यासारखा होतो. प्रीअँपमध्ये नसेल तर कन्सोलवर मागा. साध्या अॅनालॉग मिक्सरवर ८० किंवा १०० हर्ट्झचं ठरलेलं लो-कट बटण असतं. ते बेसच्या चॅनेलवर दाबलेलं राहिलं तरी बेस गायब होत नाही, कारण वरच्या पटींवरून कान मूळ सूर ओळखून घेतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही बेसची चाल कळते ती त्यामुळेच. वजन मात्र जातं, तेव्हा बटण वर आहे ना, ते बघा.

८० ते १०० मध्ये भार आहे. २०० ते ३०० मध्ये अंग आहे आणि चिखलही आहे. घुमणाऱ्या हॉलमध्ये इथून रुंद पट्ट्याने दोन-तीन डेसिबल काढा, जास्त नको, नाही तर आवाज पोकळ होतो. ५०० ते ९०० ही तुमची खरी जागा. गायक, हार्मोनियम, कीबोर्ड सगळे चालू असताना बेस कोणता सूर वाजवतोय हे श्रोत्याला इथून कळतं, म्हणून मिड खाऊ नका असं मी सारखं म्हणतोय. २ ते ३ हजारांवर बोटाचा दाणा असतो, तो चवीपुरता. ५ हजारांच्या वर काहीच नको. पेडलमध्ये कॅबिनेटची नक्कल करणारा स्विच असेल तर तो पीएला जाताना चालू ठेवा, नसेल तर कन्सोलवर लो-पास फिल्टर (ठरलेल्या आकड्याच्या वरचं कापणारा) ५ हजारांवर लावायला सांगा. साऊंडवाले हे ऐकून कधी कधी चमकतात, कारण लो-पास कोणी मागत नाही. नम्रपणे पण ठामपणे मागा. माझ्या अनुभवात टणटण घालवणारा सगळ्यात मोठा फरक याच एका फिल्टरने पडतो.

आता आपल्या वाद्यवृंदांची खास अडचण, जिच्याबद्दल परदेशी बेसवाल्यांच्या व्हिडिओत तुम्हाला काही सापडणार नाही. तिकडे बेसची जोडी किक ड्रमशी जमवतात. आपल्याकडे खाली तबल्याचा डग्गा असतो, ढोलकीची डावी पुडी असते, ऑक्टोपॅडवरचा किक असतो, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात असतो. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या खाली-वर फिरतो आणि मींडेसकट फिरतो. म्हणजे तुमचा स्थिर सूर आणि त्याचा घसरता सूर एकाच गल्लीत येतात. तिथे लो वाढवून जिंकता येत नाही. डग्ग्याला माइक अगदी चिकटवून लावलेला असेल तर त्याचा लो आधीच फुगलेला असतो, कारण जवळून धरलेला माइक लो वाढवतोच. भावगीत असेल तर मी सरळ ठरवून घेतो: खालचा घुमारा तबल्याचा, मी ८०च्या वरचा भाग आणि लांब आस (रेंगाळणारा सूर). लावणी आली की उलट. ढोलकी इतकी भरून वाजते की लांब आस ठेवली तर सगळाच काला होतो. तिथे सूर तोडून, हाताच्या कडेने तारा दाबून, आखूड वाजवतो. हा फरक कोणत्याही नॉबने होत नाही.

कीबोर्डवाल्याचा डावा हात हा वेगळा विषय आहे. बरेच जण एकट्याने कार्यक्रम करायच्या सवयीने डाव्या हाताने बेस वाजवत असतात आणि बेसवाला आल्यावरही तो हात थांबत नाही. दोन बेस एकाच वेळी, त्यातही एकाचा सूर क्षणभर उशिरा. तुम्हाला वाटणारा निम्मा चिखल तिथून येत असण्याची शक्यता दाट आहे. तालमीत एक गाणं त्यांना डावा हात उचलून वाजवायला सांगा आणि फरक ऐका. सांगताना जरा बेताने सांगा, त्यांना ते अपमानासारखं वाटतं. चहाच्या वेळी सांगितलेलं बरं.

आणि ज्या गाण्यांत नेमका एकच सूर फुटल्यासारखा घुमतो, त्याचा हिशोब पट्टीशी असतो. समजा गायिका काळी चारमध्ये गातेय. तुमचा खर्जातला षड्ज ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर, ५२ हर्ट्झ. हॉल १० मीटर रुंद असेल तर त्या दोन भिंतींमधल्या अनुनादांपैकी तिसरा जवळजवळ तिथेच पडतो, साडेएक्कावन्नच्या आसपास. दर समेला तुम्ही षड्जावर येता आणि दर समेला हॉल तुमच्याबरोबर गातो. पुढचं गाणं काळी दोनमध्ये असलं तर चार तारांच्या बेसवर षड्ज ७८ हर्ट्झचा, तिथे काही होत नाही, आणि तुम्हाला वाटतं पेडलमध्येच काही तरी बिघाड आहे. अशा वेळी लोचा सगळा नॉब खाली करणं म्हणजे एका सुरासाठी सगळ्यांना शिक्षा. साऊंडवाल्याला ५० ते ५५च्या मध्ये अरुंद पट्टा चार-पाच डेसिबल खाली करायला सांगा. ते शक्य नसेल तर त्या गाण्यापुरता षड्ज वरच्या सप्तकात, डी तारेच्या सहाव्या फ्रेटवर घ्या. उघड्या मैदानात भिंतीच नसतात, तिथे ही भानगड नाही, उलट लो हवेत विरून जातो. तो भरून काढायचं काम सबचं आहे, प्रीअँपचं नाही.

स्टेजवर स्वतःचा अँप ठेवत असाल तर तो फळ्यांच्या स्टेजवर थेट ठेवू नका. खालची पोकळी ढोलासारखी वाजते. खुर्चीवर ठेवा किंवा खाली जाड फोम घाला आणि तोंड कानाकडे तिरकं करा. गुडघ्यांना ऐकवून काय उपयोग?

गिटारकडे वळतो, कारण नैसर्गिक आवाजाचा मोठा वाटा वायरच्या अलीकडचा आहे. जॅझ पद्धतीच्या गिटारवर दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की हम (विजेची घुंघुं) कमी होतो, कारण दोन कॉइल एकमेकांच्या उलट गुंडाळलेल्या असतात. पण दोन पिकअप तारेच्या दोन वेगळ्या जागा ऐकतात, त्यामुळे मिडचा काही भाग एकमेकांत कटतो आणि आवाज आपोआप पोकळ होतो. ब्रिजकडच्या पिकअपचा व्हॉल्यूम जरासा, दहावरून आठवर आणा. हम थोडा वाढेल, पण सूर पुढे येईल. टोनचा नॉब अर्ध्यावर ठेवायला घाबरू नका, पॅसिव्ह टोन ही फुकट मिळालेली गाळणी आहे. तारा नव्या करकरीत राउंडवाउंड (गोल गुंडाळीच्या, खरखरीत) असतील तर आठवडाभर वाजवून मगच कार्यक्रमाला न्या, किंवा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असेल तर फ्लॅटवाउंड लावूनच बघा. आणि ब्रिजजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा सरकवून बघा, हिरवी खरखरीत बाजू कापून टाकून. दहा रुपयांत इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

हात कुठे ठेवता? स्टेजवर उत्साहात आपण जोरात आणि ब्रिजच्या जवळ वाजवायला लागतो, तार फ्रेटवर आपटते आणि मग ती टणटण ईक्यूने शोधत बसतो. मॉनिटरमध्ये स्वतःला थोडं जास्त घ्या, हात आपोआप हलका पडतो.

तांत्रिक गोष्टी पटकन उरकतो. पॅसिव्ह पिकअपला पुढे मोठा इंपीडन्स (विद्युत अडथळा) लागतो. १ मेगाओहमचं इनपुट असलेला प्रीअँप चांगला, पण तीच गिटार मिक्सरच्या १०-२० किलोओहमच्या लाइन इनपुटमध्ये सरळ लावली तर आवाज बोथट होतो. गिटार ते प्रीअँप वायर आखूड ठेवा, प्रीअँपनंतर एक्सएलआर (माइकला असते ती तीन पिनांची वायर) कितीही लांब गेली तरी फरक पडत नाही. गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) लावताना तुमच्या सगळ्यात जोरकस फटक्यावर लावा, सौजन्याने वाजवून नको. एक्सएलआरला माइक पातळी आणि लाइन पातळी असा स्विच असेल तर माइकवर ठेवा, नाही तर कन्सोलचं इनपुट फाटतं आणि तो फाटका आवाज तुमच्या पेडलच्या नावावर जातो. पेडल बॅटरीवर असेल तर कार्यक्रमाला नवी बॅटरी. उतरलेल्या बॅटरीवर आधी जोरकस फटके फाटतात, बंद पडायची वेळ फार नंतर येते.

हम आला तर ईक्यूने काढायच्या भानगडीत पडू नका. आपली वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९चा. हमची पुढची पट १०० आणि तुमची उघडी जी ९८ची. हम कापाल तर सूरच कापाल. डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट स्विच (सिग्नलच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडणारा) बदलून बघा, अॅडॅप्टर काढून बॅटरीवर चालवून बघा, लाइटच्या डिमरपासून लांब सरका. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका किंवा तोडू नका. मांडवातल्या विजेचा भरवसा नसतो आणि तुमचे दोन्ही हात धातूच्या तारांवर असतात. एका कार्यक्रमात गायकाच्या ओठाला माइकचा झटका बसलेला मी तीन फुटांवरून पाहिला आहे.

ईक्यूच्या आधीचा सिग्नल की नंतरचा? साऊंडवाला ओळखीचा आणि जाणता असेल तर आधीचा द्या आणि लो-पास, हाय-पास त्याच्यावर सोपवा. मग तुम्ही स्टेजवर तुमच्या अँपसाठी नॉब फिरवलेत तरी बाहेरचं मिक्स हलत नाही. अनोळखी माणूस, घाईचा साऊंड चेक, सोळा चॅनेलचा मिक्सर अशी परिस्थिती असेल, आणि आपल्याकडे ती बहुतेकदा असते, तर नंतरचा द्या. तुमची गाळणी तुमच्यासोबत प्रवास करते. फक्त मग कार्यक्रम सुरू झाल्यावर नॉबला हात लावायचा नाही. मॉनिटरमध्ये कमी वाटलं तर मॉनिटर मागा.

दोन्ही एकदम देण्याचा मोह होतो, एका चॅनेलवर कोरा आणि दुसऱ्यावर रंगवलेला. पेडल अॅनालॉग असेल तर चालतं, पण एका चॅनेलचा फेज स्विच (आवाजाची लाट उलटवणारा) उलटा करून जास्त भरदार कोणता ते ऐका. डिजिटल मॉडेलर (अँपची संगणकी नक्कल करणारं पेडल) असेल तर सावध राहा. त्यातून सिग्नल दोन मिलिसेकंद जरी उशिरा आला, तरी कोऱ्याशी मिसळताना २५० हर्ट्झवर खड्डा पडतो, मग ७५०वर, मग १२५०वर. म्हणजे नेमकं अंग आणि नेमका सूर खाल्ला जातो, आणि ईक्यूने तो खड्डा भरत नाही. अशा वेळी एकच चॅनेल वापरा.

कॉम्प्रेसर (जोराचा आवाज आपोआप दाबणारा) प्रीअँपमध्येही आहे आणि कन्सोलवरही लावलेला आहे, असं होऊ देऊ नका, एकच ठेवा. दाबायचं प्रमाण ३:१ किंवा ४:१, अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास म्हणजे बोटाचा ठोका सुटून जातो, आणि जोरकस सुरावर सुई तीन-चार डेसिबलच हलावी. त्याहून जास्त हलली की आस कृत्रिम वाटायला लागते.

राहिला पेडल विकण्याचा प्रश्न. आत्ता विकू नका. पुढच्या कार्यक्रमात कन्सोल डिजिटल असेल तर साऊंडवाल्याला पेन ड्राइव्ह द्या आणि दोन गोष्टी रेकॉर्ड करून मागा: फक्त तुमचा चॅनेल, आणि पूर्ण मिक्स. अर्धा कार्यक्रम वर दिलेल्या सेटिंगवर वाजवा, मध्यंतरात ड्राइव्ह आणि ब्लेंड अगदी शून्यावर आणा आणि उरलेला अर्धा तसाच वाजवा. दुसऱ्या दिवशी आधी पूर्ण मिक्स ऐका, हेडफोनवर नको, कोणाच्या तरी गाडीत किंवा साध्या स्पीकरवर, जरा मोठ्या आवाजात. बेसचे सूर ओळखू येतात का तेवढंच बघा. मध्यंतरानंतरचा भाग जास्त स्पष्ट वाटला तर तुम्हाला रंगवणारं पेडल नकोच आहे, साधा चांगला डीआय आणि हाय-पास, लो-पास असलेली छोटी पेटी पुरेल. आधीचा भाग बरा वाटला तर पेडल ठेवा आणि ते पैसे तारांवर घाला. आणि दोन्हींत फरकच कळला नाही, तर कीबोर्डवाल्याला चहाला बोलवा.